चौथं तिकीट

सोमवार, ३ तारीख

ताई,

तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण तूच म्हणशील, याला कधीपासून रीतभात आली. म्हणून नुसतं ताई.

फोनवर तू म्हणालीस, "तोंडी काही सांगू नकोस. तुझं तोंडी म्हणजे हवेतला बार. पोरांना कुठं नेणार, कुठं झोपवणार, काय खाऊ घालणार, सगळं कागदावर पाठव. मग बघते." आणि ठेवलास फोन. पुढच्या शनिवारी, पंधराला, तुझी हेडनर्सची परीक्षा आहे, घर शांत हवं, हे मला कळतं. पण पोरांना माझ्याकडे पाठवावं असं तुझ्या मनात आलं, हेच मला पुष्कळ. दीड वर्ष मी तिकडे फिरकलो नाही आणि तूही 'ये' म्हणाली नाहीस. असो. पडत्या फळाची आज्ञा.

तर बेत असा. तुझ्या दवाखान्यातल्या मावशी लेकीकडे यायच्याच आहेत, त्या चौदाच्या शुक्रवारी पोरांना बसमधून घेऊन येतील. मी स्टँडवर हजर. उशीर करणार नाही. (हसू नकोस.) खोली चौथ्या मजल्यावर आहे. खोलीत माझ्याबरोबर एक आचारी राहतो, पण शनिवार-रविवार तो हॉटेलातच झोपतो, त्याची खाट मोकळी. त्या खाटेवर तुझी थोरली, आपली वकीलीणबाई, माझ्या खाटेवर धाकटा बोका, मी खाली. खिडकी मागच्या लाँड्रीवर उघडते, त्यामुळे दिवसभर साबणाची वाफ आत येते आणि फुकटात स्वच्छ वाटतं. काच मात्र मळलेली आहे. अख्ख्या शहराच्या काचा मी पुसतो आणि माझी एक पुसायला मुहूर्त लागत नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

कामाचं तुला नीट सांगितलंच नाही. उंच इमारतींच्या गच्चीवरून दोर सोडायचे, कमरेला पट्टा, एका हातात रबराची पट्टी, आणि उतरत उतरत काचा पुसायच्या. तू घाबरशील म्हणून सांगितलं नव्हतं. घाबरू नकोस. दोर दोन असतात, एक तुटला तर दुसरा, आणि कुणाही माणसाच्या गाठी दुसऱ्यानं ओढून बघितल्याशिवाय तो कठड्याबाहेर पाय टाकत नाही. वर वारा एवढा असतो की हाक मारून उपयोग नाही, म्हणून सगळं हातांच्या खुणांनी चालतं. त्यातली सगळ्यात मोठी खूण म्हणजे फुली. दोन्ही हात डोक्यावर आडवे-तिडवे. फुली दिसली की आहे तिथं थांबायचं. कुणी केली, का केली, विचारायचं नाही. खालचा झाडूवाला करो नाहीतर मालक करो, आधी थांबायचं, मग भांडायचं. नव्या माणसाला पहिला महिना दुसरं काही शिकवत नाहीत. परवा माझ्या शेजारच्या दोरावरचा पोऱ्या शिंकता शिंकता थांबला, इतकी ती अंगात मुरते.

हे का सांगतोय? हां. पोरांनाही फुली शिकवणार आहे. गर्दीत चुकामूक झाली तर कामाला येईल.

शनिवारी सकाळी मत्स्यालय. तिथं काचेचा बोगदा आहे, डोक्यावरून मासे जातात. दारवान ओळखीचा आहे, त्याच्याकडे चार तिकिटं सांगून ठेवलीत, म्हणजे रांग नको. दुपारी तळं, पायडल मारायच्या होड्या. रविवारी प्राणिसंग्रहालय, आणि वेळ उरला तर जुन्या आगगाड्या ठेवल्यात तिथं. संध्याकाळच्या बसनं मीच आणून सोडीन.

जेवायला अंडी, पाव, दूध, फळं. आचाऱ्यानं केक करून ठेवायचं कबूल केलंय.

उत्तर लवकर धाड.

तुझा
भाराभर चिंध्या
(तूच ठेवलेलं नाव)


शुक्रवार, ७ तारीख

ताई,

पत्र कसलं, प्रश्नपत्रिकाच आली. परीक्षा तुझी की माझी?

क्रमानं देतो. संडास खोलीतच आहे, कडी आतून नीट लागते. खिडकीला गज आहेत, बोक्याचं डोकं जाणार नाही, माझं घालून बघितलं. तापाचं औषध आणून ठेवतो. वकीलीणबाईला झोपताना दिवा लागतो हे लक्षात आहे, पण तिला सांगणार नाही की मला तू सांगितलंस. नाहीतर ती माझ्यावर खटला भरेल. होडीत तरंगायची जॅकेटं देतात, मी स्वतः जाऊन बघून आलो. तळ्याचा माणूस म्हणाला, "साहेब, एवढी चौकशी लग्नाआधी मुलीकडचे करत नाहीत."

तळ्यावर गेलो तेव्हा एक गंमत झाली. एक आजोबा एकटेच होडी घेऊन मधोमध जाऊन पेपर वाचत बसले होते. तळ्याचा माणूस भोंग्यातून ओरडतोय, वेळ संपली, वेळ संपली, आणि आजोबा पान उलटतायत. शेवटी ते पलीकडच्या काठाला लागले आणि तिकडच्या तिकडे रस्त्यावर चढून गेले. होडी आणायला बिचारा माणूस तळ्याला वळसा घालून पळाला.

तर चौथं तिकीट.

तू बरोबर मोजलंस. मी, वकीलीणबाई, बोका, झाले तीन. चौथं उस्तादांचं. कामावर सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मला हे काम त्यांनीच शिकवलं. माझ्या गाठी तेच बघतात, गच्चीवर उभे तेच असतात. मी इथं आलो तेव्हा हाताला काम नव्हतं, त्यांनी एका शब्दानं लावून घेतलं. तू लिहिलंस, "परक्या माणसाला दुसऱ्याच्या पोरांबरोबर सुट्टी घालवायची हौस कसली?" अगं, माणूस एकटा आहे. पोरांचा लळा आहे त्यांना. परवाच विचारत होते, मासे बघायला आत गार असतं, बोक्याचा कान दुखणार नाही ना, टोपी आणायला सांग. एवढी काळजी कोण करतं?

टोपी आठवणीनं दे.

बाकी सगळं ठीक. वकीलीणबाईला सांग, आगगाडीच्या इंजिनात चढू देतात.

तुझा भाऊ


मंगळवार, ११ तारीख

ताई,

काल तुझा एका ओळीचा निरोप आला. "बोक्याचा कान दुखायचा तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि तू गावातही नव्हतास. उस्ताद कोण?"

मी तेव्हा गच्चीवर होतो. निरोप वाचला आणि समोर उस्ताद, माझ्या पट्ट्याचं बक्कल ओढून बघत. "काय झालं? तोंड का उतरलं?" म्हणाले. मी म्हटलं, ऊन.

मग फोन केला तुला. जे सांगितलं तेच लिहितो, म्हणजे कागदावर राहील. उस्ताद म्हणजे भाऊजी. दुसरं कुणी नाही.

मी त्यांना शोधलं नाही गं. मी काम शोधत एका इमारतीखाली उभा होतो आणि वरून दोरावरून उतरले ते भाऊजी. आधी बूट दिसले, मग गुडघे, मग चेहरा. पळून जावं तर म्हणाले, "मेव्हण्या, जेवलास का?" मी जेवलो नव्हतो. तिथून सुरुवात झाली.

फोनवर तुला बोलायला जागाच दिली नाही. मी आपला बोलत सुटलो, की ते दारू पीत नाहीत, वेळेवर येतात, मी रोज त्यांच्या भरवशावर हवेत लटकतो आणि अजून जिवंत आहे, मग त्यांना एक दिवस पोरांबरोबर मासे बघू दिले तर काय आभाळ कोसळणार आहे. तेव्हा तू म्हणालीस, "दोर सांभाळणं वेगळं. दोर परत आणून द्यावा लागत नाही."

मला माहीत नाही असं नाही. "जरा फिरवून आणतो" म्हणून ते पोरांना घेऊन गेले आणि चार दिवस फोन बंद. तू एकेका दवाखान्यात जाऊन विचारत होतीस, दोन लहान मुलं आणली का कुणी. आणि ते परत आले ते शिंपल्यांची पिशवी घेऊन, दारातूनच "काय मजा आली" म्हणत. त्यांना खरंच वाटलं होतं की तू हसशील. कोर्टानं नंतर ठरवून दिलं, भेटायचं तर तुझ्या घरी, तुझ्यासमोर. त्यावर ते एकदाही आले नाहीत, हेही मला माहीत आहे. मी विचारलं होतं त्यांना, का जात नाही. तर म्हणाले, "तिच्या दारात मला घाम फुटतो. चाळीसाव्या मजल्यावर नाही फुटत."

मला वाईट वाटलं. माझं हे असंच आहे, समोर जो असतो त्याचं वाईट वाटतं.

शेवटी तू म्हणालीस, "पोरांनी पिशव्या भरल्यात. मोठीनं तुझा बेत भिंतीला लावलाय. मला आता त्यांना नाही म्हणवत नाही. तो तिथं दिसणार नाही असं लिहून दे. सही करून."

लिहून देतो. शनिवारी किंवा रविवारी भाऊजी पोरांसमोर येणार नाहीत. मी त्यांना तसं सांगितलंय. पोरांना यातलं काही कळणार नाही. चौथं तिकीट परत करतोय.

खाली पूर्ण नावानं सही केली आहे.


रविवार, १६ तारीख, दुपार, बसमध्ये

ताई,

हे पत्र तुला वकीलीणबाई देईल. मी फाटकाबाहेर उभा असेन. बस हलतेय, अक्षर असंच येणार. बोका माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय आणि ती खिडकीशी बसून बघतेय मी काय लिहितो ते. मी कागद झाकत नाही.

संध्याकाळी यायचं ते दुपारीच का आलो, ते लिहितो.

शुक्रवार चांगला गेला. शनिवारची सकाळही. मत्स्यालयाच्या बोगद्यात बोका उताणाच पडला, लोक त्याला ओलांडून जात होते. वकीलीणबाईनं तिथल्या बाईंना विचारलं, "या माशांना आपण दिसतो की आपल्यालाच ते दिसतात?" बाई म्हणाल्या, दिसतो. तर म्हणे, "मग तिकीट त्यांनी पण काढायला हवं." फुली दोघांनाही शिकवली होती. बोका दर पाच पावलांवर फुली करायचा आणि आम्ही पुतळे व्हायचो. भर फुटपाथवर माझ्यामागचा एक माणूस धडकला, शिव्या देऊन गेला.

दुपारी तळं. होड्यांच्या खिडकीशी रांग होती. मी दोघांना जॅकेटं घालून बाकावर बसवलं आणि रांगेत उभा राहिलो, बाक दिसेल असा. माझ्यापुढे एक बाई चिठ्ठी हरवली म्हणून भांडत होती, आणि ती इतकी मजेदार भांडत होती ताई, की मी बघत राहिलो. तुला माहितीये मी कसा आहे. परत मान वळवली तर बाकावर वकीलीणबाई एकटी. आणि काठापासून बरंच आत, पिवळ्या होडीत, बोका आणि भाऊजी.

धावत गेलो. ती म्हणाली, "बाबा होडी घेऊनच काठाला आला. म्हणाला, तुझ्या मामाला माहीत आहे. मी नाही गेले. बोका गेला."

मामाला माहीत आहे. खोटं नव्हतं ते, तेच तर आहे. मंगळवारी मी तुला सही करून दिली ती ही अशी. मी त्यांना म्हटलं होतं, "येऊ नका." आणि मग त्यांचा चेहरा बघून म्हटलं, "आलातच तर लांबून बघा." बेताचा कागद तर तुला धाडण्याआधीच त्यांनी वाचला होता. दिवस, वेळ, जागा, सगळं माझ्याच अक्षरात.

होडी मधोमध पोचली आणि मधोमध थांबली नाही. सरळ पलीकडे चालली. पलीकडे रस्ता आहे. रस्त्याकडेला झाडाखाली भाऊजींची पांढरी व्हॅन उभी होती, आम्ही दोर वाहतो ती. व्हॅन इकडच्या फाटकाशी का नाही लावली? मला एकदम त्या पेपरवाल्या आजोबांची आठवण झाली.

ओरडलो. तळ्यावर वारा होता, वीस पोरं किंचाळत होती, कोण ऐकणार. वळसा घालून पळावं तर ते माझ्याआधी पोचतील, आणि इकडे ही एकटी. तिनं माझा शर्ट धरला होता. भाऊजी बोक्याशी बोलत बोलत सहज इकडे वळून बघत होते, जसं गच्चीवरून बघतात. आणि माझे हात आपोआप वर गेले. मी ठरवून केलं असं म्हणत नाही. दोन्ही हात डोक्यावर, आडवे-तिडवे.

ते थांबले.

ताई, तुला दाखवता आलं असतं तर बरं होतं. आधी पाय थांबले. चेहऱ्यावर अजून हसू होतं, पायांना कळलं होतं, चेहऱ्याला कळायचं होतं. पंधरा वर्षांची सवय ती. मग हसू गेलं. होडी आपल्या वेगानं थोडी पुढे सरकली आणि डुलत राहिली. बोक्याला वाटलं खेळ चालू झाला. त्यानंही बापासमोर उभं राहून डोक्यावर फुली केली, आणि भाऊजींनी त्याला पटकन धरून खाली बसवलं, पडेल म्हणून.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी हात खाली घेतले नाहीत. दंड भरून आले. बाजूची मुलं मला हसत होती. मग होडी हळूहळू वळली आणि आमच्या बाजूला यायला लागली.

काठाला लागल्यावर मी आधी बोक्याला उचलून घेतलं. भाऊजी होडीतच बसून राहिले.

"फुली का केलीस? काय झालं?"

"व्हॅन तिकडे का लावलीत?"

"सावली होती."

"इकडेही आहे सावली."

"तुला काय वाटलं, मी घेऊन पळतोय?" हसायला बघत होते. "दहा मिनिटं फिरवून आणणार होतो रे. माझी पोरं आहेत ती."

"आहेत. तुमचीच आहेत. ताईच्या दारात जाऊन भेटा."

मग वकीलीणबाई म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी पण तू म्हणाला होतास, जरा फिरून येऊ."

भाऊजी होडीतून उतरले. जॅकेट काढायला लागले, तर बंद सुटेना. मी रोज बघतो, डोळे मिटून गाठ सोडणारा माणूस. तळ्याच्या माणसानं येऊन सोडवून दिला. ते निघून गेले, वळसा घालून, व्हॅनकडे. बोका "बाबा, बाय" म्हणून ओरडला, तेव्हा एकदा हात वर केला.

ते खरंच पळवणार होते की खरंच सावली होती, मला ठाऊक नाही. पुष्कळ विचार केला. बहुतेक त्यांनाही ठाऊक नसावं, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

आता ज्यासाठी लवकरची बस धरली ते. काल संध्याकाळी तुझा फोन आला. मी म्हटलं, धमाल चाललीय. बोका म्हणाला, होडीत बसलो. तू विचारलं नाहीस कुणाबरोबर. मग वकीलीणबाईनं फोन घेतला. माझ्याकडे बघितलं. मी काही म्हटलं नाही, शपथ, खूणही केली नाही. आणि ती अगदी सहज म्हणाली, "सगळं मस्त आहे आई. तुझा पेपर कसा गेला?"

फोन ठेवून ती दात घासायला गेली. मी खाटेच्या कडेला बसून राहिलो. खोटं बोलली नाही ती, फक्त विषय बदलला. कुठं शिकली सांगू? दीड दिवस माझ्याकडे राहिली.

सकाळी तिला म्हटलं, प्राणिसंग्रहालय राहू दे, घरी जाऊ. बोका रडला, आगगाडीचं इंजिन राहिलं म्हणून. ती रडली नाही. आपली पिशवी आपण भरली आणि म्हणाली, "आईला तू सांगणार की मी सांगू?" मी म्हटलं, मी. म्हणाली, "लिहून दे. तू तोंडी सांगितलंस की गोष्ट दुसरीकडेच जाते."

भाऊजींना सकाळी कळवलं की मी उद्यापासून येणार नाही. त्यांनी उलट काही लिहिलं नाही. कामाचं पुढं काय, माहीत नाही, दुसरं बघीन. कोर्टाच्या माणसाला सांगायचं असलं तर सांग, तळ्यावर काय झालं ते मी तिथं येऊन सांगीन, त्यांच्यासमोरही सांगीन. लांबून बघा म्हणालो होतो, तेही सांगीन.

आता गाव दिसायला लागलं. बोका उठलाय. आत्ता त्यानं विचारलं, "आई रागावेल का?"

वकीलीणबाई म्हणाली, "आपल्यावर नाही."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग मामावर?"

ती माझ्या हातातला कागद वाचत होती, इथपर्यंतचा सगळा. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात एक राहिलंय. मी पण खोटं बोलले ते नीट लिहिलं नाहीस. विषय बदलला म्हणे. बोलले मी खोटं."

ते तिच्या सांगण्यावरून लिहिलं. ताई, दार उघडशील तेव्हा हे पत्र लगेच वाचू नकोस. आधी तिला जवळ घे. कालपासून तिनं मला तिच्या जवळ येऊ दिलेलं नाही.